डिचोलीच्या दादांना उत्तर : हेडिंगची चूक कबूल, पण एफएमवाल्यांना सोडणार नाही

दादा, रेडिओवरच्या मॅच कॉमेंट्रीच्या आठवणींवर मी 'गोव्याचा स्पोर्ट्स रेडिओ' या हेडिंगखाली लिहिलं होतं, आणि आताचे एफएमवाले मॅच लावत नाहीत म्हणून त्यांना बोलही लावला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की 'गोव्याचा स्पोर्ट्स रेडिओ' असं कधी काही नव्हतंच, मी आपल्या आठवणींना उगाच स्टेशनचं नाव चिकटवलं. खासगी एफएमला मॅच लावायला बंदी असताना त्यांना बोल लावणं चूक. आणि आता मोबाईलवर सगळं दिसतं, तर कॉमेंट्री ऐकणार कोण.

पहिलं मान्य. वेगळं स्पोर्ट्स स्टेशन नव्हतं, हेडिंग मी ताणलं. होतं ते आल्तिनोवरचं पणजी केंद्र, पोर्तुगीजांच्या काळात १९४६ मध्ये 'एमिसोरा द गोवा' म्हणून सुरू झालेलं आणि मुक्तीनंतर आकाशवाणी झालेलं. आमच्या घरी काटा मीडियम वेव्हच्या १२८७ वरून हलायचाच नाही, आजीची नाट्यगीतं तिथेच, बाबांच्या बातम्या तिथेच, आणि मॅच असली की आजीला गप्प बसवून कॉमेंट्रीही तिथेच.

दुसरं मात्र नाही पटलं. २०११ चे एफएम फेज थ्रीचे, म्हणजे खासगी एफएमसाठीचे सरकारी नियम काढून बघा. खेळांची माहिती देता येते, लाइव्ह कव्हरेज करता येत नाही, इथवर तुमचं बरोबर, पण त्याच्याच पुढे लिहिलंय की स्थानिक सामन्यांच्या लाइव्ह कॉमेंट्रीला परवानगी मिळू शकते. म्हणजे भारत-ऑस्ट्रेलिया राहू द्या, म्हापशाच्या धुळेर मैदानावरची किंवा वास्कोला टिळक मैदानावरची, गोव्याच्या फुटबॉल प्रो लीगची मॅच तरी? मी रोज फोंडा-पणजी गाडीत एफएम लावून जातो, गाणी आणि फ्लॅटच्या जाहिराती सोडून मला तरी काही ऐकू आलं नाही. बोलणारा मिळत नाही म्हणाल तर कुठल्याही गावच्या टेनिस बॉल टुर्नामेंटला जा, लाउडस्पीकरवर अर्धं मराठी अर्धं कोंकणी बोलणारा एक तरी पात्रांव (आपल्याकडचा 'बॉस') असतोच, बॅट्समनचं घर, काजूची बाग, रखडलेलं लग्न, सगळं एका ओव्हरमध्ये काढतो.

आता मोबाईल. ६ एप्रिल २००१, फातोर्ड्याला भारत-ऑस्ट्रेलिया शेवटची वनडे, सिरीज २-२. तिकीट नव्हतं म्हणून मी स्टेडियमजवळच्या मामाच्या गॅरेजमध्ये, उघड्या बॉनेटवर ट्रान्झिस्टर, मामाचे हात ग्रीसने माखलेले म्हणून आवाज वाढवायचं काम माझ्याकडे. मजा अशी की आधी स्टेडियममधून गर्जना यायची आणि कॉमेंटेटरचं वाक्य मागून पोचायचं, लक्ष्मणचं शतक आम्ही असंच आधी कानांनी ऐकलं आणि मग रेडिओने सांगितलं. पुढे बेव्हन टिकला, नाबाद ८७. स्टेडियम हळूहळू गप्प होत गेलं, ते गप्प झाल्यावरच मामा म्हणाला, "गेली रे," आणि पाना उचलून परत गाडीखाली शिरला. रेडिओ अजून बोलतच होता.

परवा मोबाईलवर आयएसएल फुटबॉलची मॅच बघत होतो, शेजारी केबलवर 'गोल' म्हणून ओरडला तेव्हा माझ्या स्क्रीनवर बॉल अजून मिडफिल्डमध्ये! हे तुमचं लाइव्ह.

असो, हेडिंग बदललंय. 'गोव्याचा' काढून 'आमच्या घरचा' केलंय. एफएमवाला परिच्छेद तसाच ठेवलाय.