महाबळेश्वर दीड दिवसात उरकण्याची रीत

महाबळेश्वर बघायचं नसतं, करायचं असतं. 'आम्ही महाबळेश्वर केलं' हे वाक्य सोमवारी ऑफिसात टाकता आलं पाहिजे. बाकी सगळी त्या वाक्याची पूर्वतयारी.

जोडून सुट्टी आलेला शनिवार धरा आणि पुण्याहून साडेआठच्या आत निघू नका. पहाटे पाचला निघणारे वाईत पोहे खाऊन, कोवळ्या उन्हात पाचगणीला पोचलेले असतात. खंबाटकीच्या रांगेत पुढच्या गाडीच्या काचेवरचे सगळे स्टिकर वाचून काढण्याचा निवांतपणा त्यांच्या नशिबी नसतो. वाईत मुलांना वडापाव चारा, वर गार काहीतरी पाजा आणि लगेच पसरणी घाटाला लागा. वळणांना मुलं आपापली दाद देतीलच. परतताना हाच घाट न्यूट्रलमध्ये उतरा, पेट्रोल वाचतं. ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा, गाडी इंजिनाला धरू द्या, असं जुने ड्रायव्हर सांगतात. त्यांचं ऐकलंत तर तापलेल्या ब्रेक लायनरचा वास आणि पायाखाली मऊ पडत जाणारं ब्रेकचं पेडल, दोन्ही हुकेल.

आधी पाचगणीचं टेबललँड. 'आशियातलं दुसऱ्या क्रमांकाचं पठार' हे तिथे तुमच्या कानावर पडेलच. पहिलं तिबेटचं, असंही कोणीतरी सांगेल. तिबेटचं पठार सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि हे घोडागाडीत बसून एका फेरीत संपतं, पण मान डोलवायला काय जातं? ज्या दख्खनच्या पठारावरून तुम्ही सकाळपासून गाडी हाकत आलात, त्याचा नंबर कितवा, एवढं मात्र विचारू नका.

वर पोचलात की पॉइंटांचा हिशेब सुरू. टॅक्सीवाल्याशी बोलताना कुठे जायचं हे गौण, आकडा महत्त्वाचा. केट्स पॉइंटला गाडी थांबली की शेजारचा इको पॉइंट आणि नीडल होल धरून तीन झाले. ऑर्थर सीटच्या रस्त्याला तर सावित्री, माल्कम, हंटर, टायगर स्प्रिंग अशी फोडणीतल्या मोहरीसारखी नावं तडतडतात. विल्सन पॉइंट सूर्योदयाचा, म्हणून तिथे नाश्ता आटोपून नऊला जा. पावसाळ्यात आलात तर सगळे पॉइंट एकाच पांढऱ्या रंगाचे दिसतात. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पिणारं हे गाव जुलैत ढगातच असतं. अशा वेळी पाटीसमोर उभं राहून पाटीचाच फोटो काढावा.

ऑर्थर सीटला बाटलीचं झाकण दरीत टाकतात आणि ते पुन्हा वर येतं. कोकणातून येणारा वारा सरळ कड्यावर आपटतो, त्याला वर चढण्याशिवाय वाट नसते, हलकी वस्तू तो उचलून आणतो. झाकण परत आलं की बाटलीही टाकून बघा. वारा पडला की ती परत येत नाही, सावित्रीच्या खोऱ्यात जाते. जिचं पाणी तासाभरापूर्वी क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा देवळात डोळ्यांना लावलंत, तीच ही सावित्री. त्या देवळातून दहा मिनिटं चाललं की कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ लागतं; गोमुखातून धार, समोर कृष्णेचं खोरं, माणूस विरळा. ते टॅक्सीच्या यादीत नसेल तर बघितलंच पाहिजे असं काही नाही.

आता मुख्य विषय, स्ट्रॉबेरी. ती मे महिन्यात मागावी. हंगाम साधारण नोव्हेंबरअखेर ते मार्च-एप्रिल. पावसाळ्यात रोपवाटिका, पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात लागण, हे शेतकऱ्याचं झालं. तुम्ही मे महिन्यात ग्लासभर क्रीमखाली फ्रीझरमधली फळं खाऊन 'शेतातून थेट आलेली चवच वेगळी' असं म्हणू शकता.

हंगामात आलात तर शेतात शिरल्याशिवाय राहू नका. आधी झाड शोधा. ते वीतभर उंचीचं असतं आणि तुमचा पाय त्याच्यावरच असतो. लाल मातीचे गादीवाफे, वर मल्चिंगचा कागद, त्याला पाडलेल्या भोकांतून दोन ओळींत रोपं, कागदाखाली ठिबकची नळी. दोन वाफ्यांमध्ये जी सरी दिसते ती चालण्यासाठी असते, म्हणून आपण वाफ्यावरून चालावं. टाचेने कागद फाटतो, त्या फटीतून गवत उगवतं आणि मातीला टेकलेलं फळ सडतं. पण फोटोत हे काही येत नाही. फळ तोडायचं म्हणजे देठ दोन बोटांत धरून नखाने खुडायचा, बोटभर देठ फळाला राहू द्यायचा. तुम्ही फळ मुठीत धरून ओढा. एका लाल फळाबरोबर दोन हिरवी, चार फुलं आणि कधीकधी अख्खं रोप हाती लागतं. एकाच्या भावात एवढं कोण देतो? शेतात मधमाशी दिसली की किंचाळावं. फुलावर ती नीट फिरली नाही तर फळ एका बाजूला खपाटीला गेलेलं, वाकडं येतं, आणि तसं फळ स्टॉलवर तुम्हीच बाजूला सारता. नंतर त्याच माशीचा मध दोन बाटल्या घ्या. थंडीत तो रवाळ झाला की 'साखर घातली' म्हणून फेकून द्या. कोमट पाण्यात बाटली ठेवली तर तो पुन्हा पातळ होतो, हे कळलं तर भांडायचं कशावरून?

डबी घेताना फक्त वरचा थर बघा. खालून डबी उलटी करून बघणं संशयी माणसाचं लक्षण. देठाजवळ पांढरी राहिलेली फळं निवडा, 'घरी पिकतील' म्हणा. आंब्याला अढी असते तशी स्ट्रॉबेरीला नसते; तोडली त्या दिवशी जेवढी गोड तेवढीच, पुढे नुसती मऊ पडत जाते. हॉटेलवर आल्या आल्या सगळी धुऊन ओलीच पिशवीत भरा, पिशवीला घट्ट गाठ मारा आणि ऐन दुपारी डिकीत ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत 'वेण्णा लेकला बर्फ' अशी बातमी आली की सकाळी दहाला पोचा. ते दव गोठलेलं असतं, जीपच्या टपावर नि गवताच्या पात्यांवर. ऊन आलं की गेलं. लिंगमळ्याकडच्या मळ्यांत शेतकरी त्या वेळी ओणवा होऊन फुलं उलगडून बघत असतो. गोठणीचा फटका बसलेल्या फुलाचा मधला पिवळा गोंडा काळा पडतो, त्याला फळ धरत नाही. त्याला हाक मारून विचारा, 'काका, बर्फ कुठे दिसेल?'

भिलार वाटेतच आहे. २०१७ साली ते पुस्तकांचं गाव झालं, घराघरांत पुस्तकं मांडलेली, कोणीही बसून वाचावं. पाच मिनिटं पुरेत: पुस्तक सुलटं धरलंय ना एवढं बघून फोटो काढा आणि निघा, कारण रविवारी चारला पसरणी घाटाच्या तोंडाशी सगळ्यांबरोबर हजर राहायचंय.

घरी पोचून डिकी उघडाल तेव्हा पिशवीतून गालिच्यावर लाल पाणी उतरलेलं असेल. वरची चार बरी फळं बाजूला काढून ठेवा. राखाडी लव आलेली तळाची फळं काढून टाका आणि मधली शेजाऱ्यांना वाटा, 'महाबळेश्वरची आहेत, मुद्दाम तुमच्यासाठी आणली' असं सांगून.