घाटात गाडी चढत नाही म्हणून सायलेन्सर फोडायला निघालेल्यांसाठी

"घाटात गाडी दम टाकते? मेकॅनिक कधीच सांगणार नाहीत असे पाच उपाय" हा फॉरवर्ड सध्या गोव्यात घरोघरच्या ग्रुपवर फिरतो आहे. उपाय असे: कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारी) जाळी फोडून टाका, टाकीत अर्धा लिटर रॉकेल घाला, घाट चढेपर्यंत एअर फिल्टर काढून ठेवा, बॅटरीची तार दहा मिनिटं सोडून कॉम्प्युटर 'रीसेट' करा आणि एसी बंद ठेवा. वर पुरवणी जोडलेली की, मूळ दोष इथेनॉलवाल्या पेट्रोलचाच. वाळपईच्या आमच्या भावोजींनी यातला बॅटरीचा उपाय करून टाकला आणि जाळी फोडायला गॅरेजवाल्याकडून दिवसही ठरवून घेतला. तेव्हा गप्प बसणं शक्य नव्हतं.

आधी जाळीचं बोलू, कारण सर्वांत मोठं नुकसान तिथेच होणार आहे. फॉरवर्ड म्हणतो, ही जाळी फक्त सरकारी नियमासाठी बसवलेली असते, ती काढली की गाडी मोकळी होते. जाळी तुंबली तर गाडी घाटात खरंच मरते, एवढं कबूल. पण जाळी आपोआप तुंबत नाही. इंजिन ऑइल खात असेल तर ती माखते. इंजिन मिस मारत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट पेटतच नसेल, तर न जळलेलं पेट्रोल तिच्यात जाऊन पेटतं आणि आतली सिरॅमिक वितळते. म्हणजे रोग इंजिनात, आणि हातोडा सायलेन्सरवर. जाळी फोडलीत तरी मिस तसाच राहणार.

भावोजींच्या गाडीचं नेमकं हेच होतं. साखळी गावापर्यंत काही तक्रार नाही. केरी गाव सोडून चोर्ला घाटाचा चढ लागला आणि पेडल दाबलं की गाडी हिसके देणार, चेक लाइट लुकलुकणार. बॅटरी काढल्यामुळे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसला गेला होता, म्हणून स्कॅनर लावून पुन्हा घाट चढावा लागला. कोड आला पी०३०२, दुसऱ्या सिलिंडरचा मिस. ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग बाहेर काढला तर त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ, आणि प्लगला व्होल्टेज देणाऱ्या कॉइलचं रबर कडक होऊन तडकलेलं. चढावर पेडल दाबलं की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं, मग ती आत उडी मारायची सोडून बाहेरून त्या रेघेवरून निसटते. सपाटीला दाब कमी, म्हणून तिथे गाडी शहाण्यासारखी चालते. प्लग आणि एक कॉइल बदलली, गाडी चढली. जाळी ठणठणीत होती. ती फोडली असती तर वर पीयूसीची कटकट. बीएस-४ या प्रदूषण नियमापासूनच्या पेट्रोल गाडीला आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे, ती जाळीशिवाय सांभाळणं कठीण. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाच्या पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, शिवाय ३ महिने लायसन्स जातं.

जाळी तुंबल्याचा संशय असेलच तर जाळीच्या आधीचा, इंजिनाकडचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावता येतो. २५०० आरपीएमला साधारण ३ पीएसआयच्या वर काटा गेला तर पुढे बोलावं. गेज न लावता हातोडी उचलणाऱ्याकडून गाडी परत घेऊन या.

रॉकेलबद्दल दोनच वाक्यं. त्याचा ऑक्टेन (ठोके न देता जळण्याची क्षमता) पेट्रोलच्या मानाने इतका कमी की चढावर इंजिन ठोके द्यायला लागतं, आणि ठोके ऐकले की गाडीचा कॉम्प्युटर ठिणगीची वेळ मागे ओढून ताकद आणखी कमी करतो. चढायला घातलेलं रॉकेल चढूच देत नाही.

फिल्टरच्या बाबतीत अर्धं खरं आहे. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ साली हे मोजलं: पेट्रोल इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाड्यांत तुंबलेला फिल्टर बदलून एव्हरेज वाढत नाही, पण पिकअपला लागणारा वेळ ६ ते ११ टक्क्यांनी सुधारतो. म्हणून फिल्टर बदला, अवश्य बदला. काढून ठेवणं वेगळं. डिचोली-सत्तरीच्या लाल धुळीत उघडं इंजिन चालवलंत तर सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंगा घासून निघतील, आणि त्याचा खर्च तुम्हालाच येईल.

बॅटरी काढण्याचा राग मला विशेष आहे. बिघाडाच्या क्षणी आरपीएम किती, लोड किती, इंजिन किती तापलेलं, हे सगळं कोडसोबत साठवलेलं असतं. तो पुरावा आपल्याच हाताने पुसायचा आणि मग दोष सापडत नाही म्हणायचं!

एसीचं खरं आहे. हजार सीसीच्या गाडीला चढावर फरक जाणवतो. इथेनॉलने एव्हरेज घटतं हेही खरं, नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात त्यासाठी न बनवलेल्या गाड्यांना ६ ते ७ टक्के घट मांडली आहे. पण काल चढणारी गाडी आज दुसऱ्या गिअरवर येते, ते त्याने होत नाही. उंचीनेही नाही. चोर्ला सुमारे ८०० मीटर, तेवढ्याने ताकद फार तर ८ टक्के कमी होते.

कोड काहीच आला नाही तर गाडीच्या टाकीतून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा दाब गाडी लोडवर असताना मोजून घ्या. अशक्त पंप सपाटीला पुरतो आणि चढावर उपाशी ठेवतो. आवाज चढतो पण वेग वाढत नाही, जळका वास येतो, तर क्लच प्लेट गेली. आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत ब्रेकचे कॅलिपर (चाकावर ब्रेक दाबणारे चिमटे) अडकतात, ते स्कॅनरला दिसत नाही. फारसा ब्रेक न लावता थोडं अंतर चालवा, उतरा, आणि चारही चाकांजवळ हात न्या, लावू मात्र नका. एकाची धग बाकीच्यांपेक्षा जास्त लागली, तर आधी ते चाक खोलायला सांगा.