एकशे बारा ग्रॅम

"घरात ताजवा? वाण्याचं दुकान काढालाईस काय?"

मी आणलेला वजनकाटा ओट्यावर ठेवला तेव्हा आईचा हा पहिला प्रश्न. दुसरा आला तो मी काट्यावर वाटी ठेवून तिच्यात मटकीची उसळ वाढून घ्यायला लागलो तेव्हा. "अन्न मोजून खात्यात व्हय रं? बरकत जाती." मी म्हटलं, बरकत नाही, प्रोटीन मोजतोय. आईनं बायकोकडं बघितलं. बायकोनं पंख्याकडं बघितलं.

सगळा दोष गॅसच्या टाकीचा. भरलेली टाकी साधारण ३० किलोची, १४.२ किलो गॅस आणि बाकीचं लोखंड. टाकी पोचवणारा पोरगा ती सोप्यात टेकवून निघून गेला. मी म्हटलं, आत नेऊन ठेवू. टाकीला मिठी मारली, जोर लावला. टाकी जागची हलली नाही, माझ्या कमरेतलं मात्र काहीतरी हललं. ६८ वर्षांची आई पदर खोचून आली, टाकी तिरकी केली, तळाच्या कडेवर गरागरा फिरवत स्वयंपाकघरात नेली आणि जाताजाता म्हणाली, "सर बाजूला, पायावर यील."

मी ४३ वर्षांचा आहे. पतसंस्थेत वसुलीच्या टेबलावर बसतो. त्या रात्री झोप लागली नाही, आणि लागली नाही ती फक्त कमरेमुळं नाही.

तालमींचं गाव म्हणून मिरवणाऱ्या कोल्हापुरात, जिथं शाहू महाराजांच्या काळात १९१२ साली खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं, तिथं मी मोबाईलच्या दुकानाच्या माडीवर, चारी बाजूंनी आरसे लावलेल्या जिममध्ये जायला लागलो. तालमीत हरलं तर पाठीला माती लागते, तेवढ्यावर भागतं. इथं आपला पराभव चारी कोनांतून दिसतो. पण व्यायामाचं मला एवढं काही वाटलं नाही. दांडी उचलायची, खाली ठेवायची, तोंड वाकडं करायचं. महिन्याभरात जमायला लागलं. खरं प्रकरण सुरू झालं ते ट्रेनरच्या एका प्रश्नानं. ट्रेनर २४ वर्षांचा, दंड माझ्या मांडीएवढा.

"सर, प्रोटीन किती जातंय दिवसाला?"

"दोन वेळा व्यवस्थित जेवतो की."

"जेवण न्हवं सर. प्रोटीन."

मग त्यानं हिशोब मांडला. व्यायाम म्हणजे स्नायूंना ताण देणं. डागडुजी होते ती नंतर, खाण्यातून आणि झोपेतून, आणि तिच्यातूनच स्नायू वाढतो. त्या डागडुजीचं सामान म्हणजे प्रोटीन. नुसतं चालतंबोलतं राहायचं तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मापानं किलोमागं ०.८३ ग्रॅम पुरतं. म्हणजे माझ्या ७० किलोंना ५८ ग्रॅम. पण वजनं उचलून अंग भरायचं असेल तर किलोमागं १.६ ग्रॅम धर. सत्तर गुणिले एक पूर्णांक सहा.

एकशे बारा.

हा आकडा ऐकून मला आधी पोलीस आठवले. देशात कुठंही संकटात सापडलात तर फिरवायचा नंबरही ११२च आहे.

त्या रात्री मी वहीत दिवसभराचं खाणं मांडलं. दोन कप चहातलं दूध, ४. पोहे, वरच्या दाण्यांसकट, ५. दुपारी दोन भाकरी, आमटी, भाजी, थोडा भात, २२. संध्याकाळी मूठभर भडंग, ४. रात्रीचं जेवण, २०. बेरीज ५५. ती तीनदा करून बघितली. म्हणजे अंग भरणं लांबच, नुसतं खुर्चीवर बसून राहायलासुद्धा मला तीन ग्रॅम कमी पडत होते. इतकी वर्षं मी उधारीवर बसत होतो, आणि वसुली करत होतो लोकांची.

आता ५५ वरून ११२ वर जायचं कसं? कागदावर सोपं असतं सगळं. एका अंड्यात ६ ग्रॅम. १०० ग्रॅम तुरीच्या डाळीत २२. पण डाळ १०० ग्रॅम कोण खातो? वाटीभर आमटीत डाळ असते ३० ग्रॅम, म्हणजे साडेसहा. तेही घरात माणसं मोजकी असतील तर. पाहुणे आले की आमटीत एक तांब्या पाणी पडतं आणि साडेसहाचे चार होतात. ही आकडेवारी कुठल्याच तक्त्यात नाही. मी ट्रेनरला विचारलं, आमटीचे किती धरू? तो म्हणाला, "सर, दारात चपला किती हाईत ते बघून धरा."

मिसळीकडूनही मला मोठ्या आशा होत्या. मटकी म्हणजे प्रोटीनच की! एका रविवारी सकाळी मी मिसळीतलं फरसाण बाजूला केलं, कट निथळला आणि खाली राहिलेली मटकी चमच्यानं मोजली. तीन चमचे. हॉटेलवाला लांबून बघत होता. त्याला वाटलं झुरळ सापडलं. धावत आला आणि बदलून दुसरी प्लेट देतो म्हणाला. घेतली.

बाहेरगावच्या मित्रांना वाटतं, कोल्हापूरकराला प्रोटीनची काय ददात, रोज मटण झोडत असतील. त्यांनी आमच्या घरचं कॅलेंडर बघितलेलं नाही. सोमवार शंकराचा. मंगळवार आणि शुक्रवार अंबाबाईचे. गुरुवार दत्ताचा. शनिवार मारुतीचा. उरले बुधवार आणि रविवार. त्यातला रविवार जोतिबाचा म्हणून बायकोच्या माहेरी पाळतात, त्यामुळं ती मटण करते पण खात नाही, आणि न खाणाऱ्याच्या हातचं मीठ कधी बरोबर पडत नाही. अंडंही वशाटच, त्यालाही हेच वार. श्रावण लागला की शटर पडतं ते गणपती, पितृपंधरवडा, नवरात्र उरकून दसऱ्यालाच उघडतं.

मला सगळ्यात लागतो तो शनिवार. तालीम कुठलीही असो, तिथं मारुती असतोच. बलभीम. शक्तीचा देव. आणि नेमकं त्याच्याच वारी आमच्या घरातलं बलसंवर्धन बंद. वर आईचा आग्रह, उपास कर. उपासाला साबुदाणा, आणि १०० ग्रॅम साबुदाण्यात प्रोटीन अर्धा ग्रॅमही भरत नाही. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. मी खिचडीतला साबुदाणा बाजूला सारून कूट खायला लागलो तेव्हा लेक म्हणाली, "पप्पा, चिमणी खाते तसं खाताय."

मी सुचवलं, मग बुधवारी आणि रविवारीच भरपूर खाऊन घेतो. तर ट्रेनर म्हणे, शरीर म्हणजे धान्याची कणगी नव्हे; चरबी साठते, प्रोटीन साठत नाही. रोज पाहिजे आणि प्रत्येक जेवणात २५-३० ग्रॅमच्या आसपास पाहिजे. शिवाय भरपूर खायला भरपूर मिळालं पाहिजे. रविवारी एक किलो मटण येतं. हाडं वजा जाता ७०० ग्रॅम. त्यात प्रोटीन साधारण १४० ग्रॅम. चौघांचं घर, त्यात बहीण आणि दाजी येणार. दाजींच्या ताटात पहिला डाव. नळी लेकीची. कलेजी आईची, दात नाहीत म्हणून. मग मला उरतो रस्सा. तांबडाही आणि पांढराही. आमच्या मटणाची कीर्ती गेली ती रश्शामुळं, आणि रस्सा पातळ असतो ही गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. त्यात चव आहे, नाकातून पाणी आहे, जावयाचा मान आहे. प्रोटीन खाली पिसात आहे.

एका रविवारी मी न राहवून ताटातले पीस काट्यावर ठेवले. चार पीस, १०० ग्रॅम, त्यात एक हाडच ३० ग्रॅमचं. प्रोटीन १९. दाजी जेवता जेवता थांबले. मला वाटलं रागावले. ते म्हणाले, "मेव्हणं, आमचं बी बघा की किती भरतंय." त्यांचे भरले २६०. मग बहिणीचे मोजले, मग लेकीची नळी मोजली, आणि कुणाला किती वाढलं हा जो विषय घरातल्या बायकांनी आजवर शहाणपणानं झाकून ठेवला होता तो आकड्यांनिशी उघड्यावर आला. त्या दिवसापासून काटा कपाटावर गेला.

गल्लीतले तात्या जुने पैलवान. वय ७६, कान फुटलेले, आवाज खणखणीत. माझी वही बघून ते बराच वेळ हसले. "ग्रॅम? आरं, खुराक काय ग्रॅमात असतोय? खाशाबांनी ५२ साली हेलसिंकीला मेडल मारलं, तवा काय डबा घिऊन गेल्ते पावडरीचा?" दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभं केलं. समोर म्हैस, खाली चरवी, आणि हातात फेसाळतं, कोमट, धारोष्ण दूध. दोन ग्लास. घरी आल्यावर थंडाई: बदाम, खसखस, बडीशेप, मिरे, सगळं कुंडीत घोटून. भाकरीवर तूप. मला पटलं. हा आपला मार्ग. वही बंद केली आणि तीन आठवडे खुराक चालू ठेवला.

तीन आठवड्यांनी वजन ७३. मी ट्रेनरला अभिमानानं सांगितलं. त्यानं माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "वाढलंय सर. पण पुढच्या बाजूलाच वाढलंय."

मग हिशोब कळला. अर्धा लिटर म्हशीच्या दुधात प्रोटीन २० ग्रॅमच्या आत-बाहेर, आणि फॅट त्याच्या दीडपटीहून जास्त. आमच्याकडं डेअरीत दुधाला भाव मिळतो तोच मुळी फॅटवर. बदामातही प्रोटीनच्या दुपटीहून अधिक तेल. तात्यांचा खुराक चुकीचा नव्हता. तात्या हजार जोर आणि दोन हजार बैठका मारून वर हौद्यात लढायचे. त्या भट्टीला तसलंच सरपण लागायचं. मी जिममध्ये पाऊण तास आणि पतसंस्थेत आठ तास खुर्चीत. वाईट म्हणजे किलोमागं हिशोब असल्यामुळं पोटाच्या तीन किलोंनीही आपला हिस्सा मागितला आणि ११२ चे ११७ झाले. "पोटाला कशाला द्यायचं सर," ट्रेनर म्हणाला, "११२च धरूया." तडजोड झाली. वसुलीत आम्हीही व्याज असं सोडतो.

मग आला पावडरीचा डबा. एक चमचा पाण्यात ढवळला की २४ ग्रॅम. आईनं वास घेतला. "काय असतंय ह्यात?" मी समजावलं, दूध फाटलं की जे पाणी सुटतं ना, ते गाळून, आटवून, वाळवलेलं. आपल्या चक्क्याचं पाणीच म्हण. इथं मी चुकलो. आई म्हणाली, "पाडव्याला फडक्यात दही बांधतो ते? ते पाणी तर मी ४० वर्षं कढीपत्त्याला घालतोय!" (आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. टाकी उचलणारीनं 'येते-जाते' म्हणून बोलावं तरी का?) "आणि तू तेच तीन हजार रुपयाला आणलास?"

कढीपत्त्याचं झाड माडीच्या वर गेलंय. खोड माझ्या दंडापेक्षा जाड आहे, मोजलंय. यंदाच्या पाडव्याला मला श्रीखंड मिळालं नाही, तांब्याभर आंबट पाणी मिळालं. १०० मिलिलिटरात एक ग्रॅमही प्रोटीन नसतं, २४ ग्रॅमसाठी तीनेक लिटर प्यावं लागेल, हे मी सांगून बघितलं. आई म्हणाली, "मग पी की. झाडानं तक्रार केली न्हाई."

सोयाबीनच्या वड्यांचं फार बोलण्यासारखं नाही. १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत ५२ ग्रॅम प्रोटीन. आकड्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. बायकोनं हौसेनं तांबड्या रश्शात केल्या, पण नेमक्या गुरुवारी. आईनं पातेल्यावरचं झाकण उघडलं आणि दत्ताचं नाव घेत जी मागं सरकली, तिला पिशवीवरचा हिरवा ठिपका दाखवेपर्यंत कुणी जेवलं नाही. लेकीनं एक वडी चावून खोडरबरासारखी परत ताटात ठेवली. त्या आठवड्यात पतसंस्थेत माझ्या शेजारच्या टेबलवाल्या बाईंनी खिडकीजवळची जागा मागून घेतली. कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तर परवाची गोष्ट. दिवसभर नेटानं खाल्लं होतं. सकाळी मुगाची धिरडी, डब्यात उसळ आणि पनीर, संध्याकाळी फुटाणे, व्यायामानंतर पावडर, रात्री घट्ट वरण, दह्याची मोठी वाटी. पाहुणे नव्हते. झोपायच्या आधी वही उघडली. बेरीज १०६. सहा कमी. आजवर कधी इतक्या जवळ गेलो नव्हतो. फ्रिजमध्ये बुधवारचं एक उकडलेलं अंडं होतं. एक अंडं, सहा ग्रॅम, एकशे बारा. हात थरथरायला लागले.

अंधारात फ्रिज उघडला, अंडं काढलं, ओट्यावर आपटणार इतक्यात लाईट लागला. दारात आई.

"वार कुठला?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. शुक्रवार संपला होता. म्हणजे शनिवार लागला होता. मारुती. मी घाईघाईनं पवित्रा बदलला. म्हटलं, आई, तूच म्हणतेस ना, आपल्यात वार रात्री बारा वाजता बदलत नाही, सूर्य उगवल्यावर बदलतो. त्या हिशोबानं अजून शनिवार लागलेलाच नाही.

"बरं," आई म्हणाली. "मग आज कोण वार?"

अंडं गार होतं. ओट्यावर सकाळसाठी साबुदाणा भिजत घातला होता.