फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या शेकात (रेडिओथेरपीत) ‘गॅप’ घ्यायला सांगणाऱ्यांसाठी

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘जे किरण जास्त आरपार जातात ते जास्त घातक. अल्फा किरण साध्या कागदाने अडतो, म्हणजे निरुपद्रवी. एक्स-रेने फुफ्फुस भाजतं, तेव्हा शेक चालू असेल तर मध्ये दोन आठवडे गॅप घ्या, पेशी भरून येतात. रात्री वायफाय बंद ठेवा.’ हे वाचून नात्यातल्या एका काकांनी सोमवारचा शेक रद्द करायला घेतला, म्हणून हा खटाटोप.

आधी गॅप, कारण जीव त्यात जातो. 2 ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) एका शेकाने प्रत्येक पेशीत डीएनएचे दोन्ही धागे साधारण 70-80 ठिकाणी तुटतात. निरोगी पेशी त्यातल्या बहुतेक तुटी काही तासांत सांधतात. म्हणून तर शेक रोज थोडाथोडा देतात आणि दिवसातून दोनदा द्यायचा झाला तर मध्ये निदान 6 तास सोडतात. दोन आठवड्यांत भरून येते ती गाठ! ‘लॅन्सेट’मध्ये 1997 साली आलेली ‘चार्ट’ चाचणी बघा. नॉन-स्मॉल सेल प्रकारच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरचे 563 रुग्ण. एका गटाला 60 ग्रे सहा आठवड्यांत, दुसऱ्याला 54 ग्रेच, पण दिवसातून तीनदा, शनिवार-रविवारही न सोडता 12 दिवसांत. दोन वर्षांनी पहिल्या गटात 20 टक्के हयात होते, दुसऱ्यात 29. मात्रा कमी असूनही. कारण उरलेल्या कॅन्सरपेशींना वाढायला सवडच मिळाली नाही. शेक चुकलाच तर त्याच दिवशी विभागाला फोन करा. शनिवारी बोलावून किंवा एका दिवसात दोन शेक देऊन भरपाई करता येते. ती कशी करायची ते डॉक्टर ठरवतील, मेसेज नव्हे.

फुफ्फुस भाजतं, यात अर्धं तथ्य आहे, मान्य. शेक संपल्यावर 1 ते 6 महिन्यांत कोरडा खोकला, दम, बारीक ताप आला तर तो न्यूमोनायटिस, म्हणजे फुफ्फुसाचा दाह, असू शकतो. लगेच दाखवा, बहुधा स्टेरॉइडने आटोक्यात येतो. तो टाळायलाच प्लॅनिंग करताना 20 ग्रे किंवा जास्त मात्रा मिळणारा फुफ्फुसाचा भाग साधारण 35 टक्क्यांच्या आत ठेवतात.

अल्फा निरुपद्रवी? कातडीवर, हो. पण रेडॉन हा किरणोत्सारी वायू श्वासातून आत जातो आणि त्यापासून बनलेलं पोलोनियम श्वासनलिकेच्या अस्तरावर बसतं. तिथून अल्फा जेमतेम 40 ते 70 मायक्रोमीटर (मिलिमीटरचे हजारावे भाग) जातो आणि सगळी ऊर्जा तेवढ्यातच ओततो. नव्या पेशी घडवणाऱ्या तळाच्या पेशी नेमक्या त्याच टप्प्यात असतात. तुटी इतक्या जवळजवळ पडतात की सांधताना चुका होतात. म्हणूनच किरण किती घातक याच्या हिशेबात एक्स-रेला 1, तर अल्फाला 20 गुण. धूम्रपानाखालोखाल फुफ्फुसाच्या कॅन्सरचं मोठं कारण रेडॉनच आहे.

राहिलं वायफाय. त्याच्या लहरींत डीएनएचा धागा तोडण्याइतकी ऊर्जाच नसते. बंद करायचंय तर करा, वीज वाचेल.