अध्यक्ष कोण, इथंच गाडी अडते

बेळगावात शहापूरच्या कट्ट्यावर काल पुन्हा तोच विषय: निवडणुकीत युती की स्वबळ. दाजींनी आल्या आल्या मांडीवर थाप मारली. "युती म्हणजे फसवणूक! कर्नाटकात जनता दल आणि भाजपचा मुख्यमंत्रिपदाचा 20-20 महिन्यांचा करार आठवतोय काय? 2007 ला जनता दलाच्या कुमारस्वामींनी खुर्ची सोडली नाही, मग भाजपचे येडियुरप्पा मुख्यमंत्री झाले आणि 7 दिवसांत घरी. 2018 चं काँग्रेस-जनता दलाचं सरकार तर आपल्या बेळगावच्या पीएलडी या सहकारी बँकेच्या भांडणातच तडकलं. स्वबळ पाहिजे, स्वबळ!"

"तुझं स्वबळ चहाचं बिल आल्यावर दिसतंय की," टेलरमामा म्हणाले. गळ्यात टेप, हातात कुणाच्या तरी शर्टाचं काज. "खरं 37 आमदारांवर कुमारस्वामींना मुख्यमंत्रिपद मिळालंच ना? युती करून आपलीच माणसं नाराज ठेवली, म्हणून पडलं."

बंड्यानं समितीचा, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात न्या म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा, विषय काढला आणि दाजी उसळले. "2023 च्या विधानसभेला एक झालात की! किती आले? शून्य!"

"आणि 2018 ला दोन गट एकमेकांवर उभे, तेव्हा किती आले?" मामा म्हणाले. "भांडण पाच वर्षं मुरतं रे, ते एका प्रचारफेरीत निघत नाही. मतं हायत. 2021 च्या पोटनिवडणुकीत लोकसभेला लाखावर पडली. 1956 ला संयुक्त महाराष्ट्रासाठी कम्युनिस्ट आणि जनसंघवाले एका मांडवात बसले. त्यांना महाराष्ट्र मिळाला, मग ते पांगले. आपण मिळायच्या आधीच पांगलो."

कट्टा गप्प झाला. मला मामांचंच पटतं. आमच्या एका घरातली मतं तीन पक्षांना जातात, खरं शेताचा कन्नड उतारा हातात आला की वाचून घ्यायला सगळेच शेजाऱ्याचं दार वाजवतात. एवढ्या एका दुखण्यावर तरी उमेदवारांची एक यादी निघायला पाहिजे, आणि ती निवडणुकीच्या दोन वर्षं आधी.

दाजींना काही सुचेना. म्हणाले, "मामा, तुम्हीच आमचं मंडळ फोडलंय!"

"फोडलं कुणी? अध्यक्ष केलं नाही म्हणून गल्लीत दुसरा गणपती तू बसवलास!"

बंड्या मध्ये पडला. "यंदा एकच बसवूया की."

"चालेल," दाजी म्हणाले. "खरं अध्यक्ष मी."

हसून हसून बंड्याच्या हातातला चहा सांडला. मामांनी दातानं दोरा तोडला. "करा त्याला अध्यक्ष. पावतीपुस्तक माझ्याकडं."

दाजी म्हणाले, उद्या सांगतो.