राखाडी जोडीच्या पोटी पिवळे पिल्लू : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

गेले काही महिने कोल्हापुरातल्या पक्षीपाळकांच्या मोबाइलवर कॉकटेल या डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या पोपटाच्या पैदाशीविषयी एक मजकूर फिरतो आहे. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. पिवळी पिल्ले हवी असतील तर नर आणि मादी दोन्ही पिवळेच जोडावेत, आणि राखाडी जोडीच्या घरट्यात पिवळे निघाले तर विक्रेत्याने फसवले असे समजावे. पिल्लू दहाव्या दिवशी घरट्यातून काढून हाताने भरवले तरच ते माणसाळते. लहान मुलांचे डब्यातले सीरियल दुधात कालवून पाजले की पुरते. आणि ते किती गरम आहे हे मनगटावर थेंब टाकून पाहावे. पक्ष्याचे खरे नाव कॉकाटील. पण आपल्याकडे सगळेच कॉकटेल म्हणतात, म्हणून इथेही तेच.

रंगाची गोष्ट आधी घेतो, कारण सर्वांत जास्त पैसे आणि भांडणे तिच्यापायीच होतात. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रे असतात, तर मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. काळा-राखाडी रंग नाहीसा करून फक्त पिवळा आणि गालावरचा नारिंगी ठेवणारे ल्युटिनोचे जनुक झेडवर बसते आणि ते अप्रभावी आहे. त्यामुळे नर पिवळा दिसायला दोन्ही झेडवर ते असावे लागते. एकावरच असले तर तो दिसायला राखाडी, पण पिवळा रंग वाहणारा, म्हणजे स्प्लिट. मादीला मुळात झेड एकच, म्हणून ती एक तर पिवळी असते किंवा नसते. ‘ल्युटिनोला स्प्लिट मादी’ म्हणून कोणी जादा पैसे मागत असेल तर तशी मादी जगात असूच शकत नाही, एवढे त्याला तोंडावर सांगावे.

आमच्या गल्लीतल्या एका काकांच्या राखाडी जोडीला पाच पिल्ले झाली आणि त्यांतली दोन पिवळी निघाली. मजकूर वाचलेला असल्यामुळे ते तावातावाने आले: ‘‘पिंजऱ्याला कुलूप हाय, मग पिवळं आलं कुठनं?’’ उत्तर त्यांच्याच पिंजऱ्यात शीळ घालत बसले होते. बाप स्प्लिट होता, आणि अशा जोडीच्या मुलींपैकी सरासरी निम्म्या पिवळ्या निघतात. मुलगा मात्र एकही पिवळा निघत नाही, कारण त्याला आईकडून राखाडी झेड मिळालेलाच असतो. म्हणून ती दोन्ही पिवळी पिल्ले माद्याच, हे मी त्यांना पिसे फुटायच्या आधीच सांगून टाकले. पुढच्या वर्षी त्यांतल्या एकीने अंडे घातले, तेव्हा कुठे काकांनी विक्रेत्याचा पिच्छा सोडला.

पिवळा नर आणि राखाडी मादी ही जोड तर याहून गमतीची आहे. तिच्यात सगळ्या मुली पिवळ्या आणि सगळे मुलगे राखाडी स्प्लिट. चार-पाच दिवसांचे, डोळे मिटलेले पिल्लू ओंजळीत घेऊन खिडकीकडे वळवले, की राखाडीच्या पापणीखाली काळा ठिपका दिसतो आणि ल्युटिनोच्या पापणीखाली लालसर. ज्या लिंगनिदानासाठी लोक पीस पाकिटात घालून प्रयोगशाळेला पाठवतात, ते या जोडीत फुकट होते. उलट, राखाडी नर स्प्लिट नसेल आणि मादी पिवळी असेल, तर पहिल्या पिढीत पिवळे एकही नाही.

म्हणजे ‘दोन्ही पिवळेच’ ही अट चुकीची आहे, आणि तिचा तोटाही आहे. ल्युटिनोत तुऱ्यामागे टक्कल पडण्याचा दोष आनुवंशिक आहे, आणि पिवळ्याला पिवळेच जोडत गेले की तो वाढतो; म्हणून जुने पाळक अधूनमधून चांगल्या, भरल्या डोक्याच्या राखाडीशी जोड लावतात. पाइड (अंगावर चट्टे असलेला) आणि व्हाइटफेस (पांढऱ्या चेहऱ्याचा) या रंगप्रकारांना हे गणित लागू नाही. तिथे जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावे लागते.

दहाव्या दिवसाचा हट्ट कशासाठी, हे मला कळलेले नाही. त्या वयात डोळे नुकते उघडत असतात, पिलाला स्वतःची ऊब धरता येत नाही आणि रात्रीही उठून भरवावे लागते. कोल्हापूरच्या जुलैत वीज तासभर गेली की पिलांना ऊब देणारी, बल्बवर चालणारी पेटी थंडगार होते. दोन ते तीन आठवड्यांपर्यंत आई-बापांना भरवू द्यावे. तेही दोघे आळीपाळीने अंडी उबवणारे, नर दिवसा आणि मादी रात्री, असे कष्टाळू जीव आहेत. माणसाळण्यासाठी पिलू आई-बापांपासून तोडावेच लागते असेही नाही. घरट्यातल्या पिलाला रोज थोडा वेळ हातात घेतले तरी ते बुजरे राहत नाही. शिवाय १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या, कॉकटेलवरच केलेल्या एका अमेरिकी अभ्यासात हाती वाढवलेल्या नरांच्या जोड्यांत फलित अंडी कमी आढळली होती. ज्याला पुढे पैदास करायची आहे त्याने हे ध्यानात ठेवावे.

सीरियलबद्दल थोडक्यात. कॉकटेलच्या पिलाला वाढीसाठी सुमारे २० टक्के प्रथिने लागतात, तेवढी त्यात नसतात. आणि दुधातली साखर पक्ष्याला पचत नाही. पक्ष्यांच्या पिलांसाठी मिळणारे तयार पीठ महाग आहे खरे, पण एका पिलाला ते लागते तरी किती?

मनगटाच्या परीक्षेवर मात्र मी स्वतः फसलो आहे. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेले पीठ वरून कोमट लागले, तळाशी मात्र ते चटका देण्याइतके तापलेले होते, आणि सिरिंज मी तळातून भरली. त्या दिवशी काही दिसले नाही. सहाव्या दिवशी पाहतो तर गळ्याखालच्या, अन्न साठवणाऱ्या पिशवीवरची कातडी काळी-तपकिरी, कडक झालेली. दुसऱ्या दिवशी ती सुटली आणि भरवलेले पीठ भोकातून छातीच्या पिसांवर ओघळू लागले. डॉक्टरांनी मेलेली कातडी काढून आत आणि बाहेर वेगवेगळे टाके घातले, आणि ते पिल्लू वाचले. भरवताना पीठ ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. ते ४३ च्या वर गेले की पिशवी भाजते आणि ३८ च्या खाली आले की अन्न तिथेच साचून आंबते. हा तीन-चार अंशांचा फरक माणसाच्या मनगटाला कळत नाही. आता मी पीठ गरम पाण्याच्या वाटीत ठेवून तापवतो, तळापर्यंत ढवळतो आणि सिरिंज भरण्याआधी थर्मामीटर बुडवतो.