वाट मागून बुडते तेव्हा

कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळच्या आमच्या कट्ट्यावर सध्या एकच विषय. गल्लीतली चार पोरं जूनच्या अमावस्येला कोकणात गेली, भोगव्याच्या पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, निवतीच्या किल्ल्याकडं खडकाखडकानं चालत निघाली आणि मधेच अडकली. एकाचं मनगट मोडलंय. बाकीचे खरचटून, भिजून का होईना, घरी आलेत.

"पावसानं घात केला," पैलवान म्हणाला. "वारं सुटलं, सर आली, समोरचं दिसंना. पोरांचा काय दोष? आपण जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चिखलातनं जातोयच की!"

मास्तर भूगोल शिकवतात, ते उसळलेच. "अरे, तिथं ओढा चढला तर थांबता येतं, आल्या वाटेनं मागं फिरता येतं. समुद्रकाठी मागची वाटच बुडते. आणि ती कधी बुडणार ते आदल्या रात्री घरात बसून सांगता येतं. तिथीची पाऊणपट कर. अमावस्या म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराच्या सुमाराला पूर्ण भरती. सहा तास मागं ये, पहाटे पाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी."

आता पोरांचं वेळापत्रक बघा. रात्री फोंडा घाटानं उतरली, उजाडताना भोगव्यात. समोर ही एवढी रुंद पुळण. त्यांना वाटलं, किनारा असाच असतो. सातला चालायला लागली. चढतं पाणी सहा तास एकसारखं चढत नाही. सुरुवातीला जरा जरा, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मं. म्हणजे सात ते नऊ, नेमकी पोरं खडकात असताना. त्यात अमावस्येचं उधाण, वर नैर्ऋत्येचं वारं पाणी काठावर लोटतंय. पावसानं फक्त शेवाळलेले खडक आणखी निसरडे केले. मोबाईल भिजून बंद. शेवटी करवंदीच्या जाळीतनं सड्याकडं, म्हणजे वरच्या कातळाच्या माळाकडं, चढताना एकजण घसरला. वरनं एका बागायतदारानं आरडाओरडा ऐकला, दोर टाकून एकेकाला वर घेतलं. त्या माणसाचे उपकार फिटायचे नाहीत.

आमच्यात मालवणचे एक भाऊजी आहेत. ते म्हणाले, "१ जून ते ३१ जुलै आमच्याकडं यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झापांनी झाकतात. ज्यांचं पोट दर्यावर आहे ते त्या दिवसांत त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि तुमची पोरं भरतीचं कोष्टकही न बघता जातात?"

मला खरी चीड याचीच आहे. पावसाळ्यात आपण कोल्हापूरकर उठल्याबरोबर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे आपल्या शेंबड्या पोरालाही पाठ. २०१९ चा महापूर बघितलेली ही पोरं पंचगंगेच्या एकेका इंचावर बोलतात. मग जे पाणी दिवसातनं दोनदा, ठरल्या वेळी चढतं, त्याची चौकशी का नाही?

कट्ट्यावरच्या आबांचं मत एकच. "कलेक्टरनं पावसाळाभर बंदी घालावी." मला पटत नाही. राज्याला शेकडो किलोमीटर किनारा आहे. पोलीस मोठ्या पुळणीवर उभे राहतील, खडकाच्या टोकाला कोण उभं राहणार?

वाद खरा पेटला तो पुढं. चौघांतला एकजण, पुळण संपून खडक सुरू झाला तिथंच म्हणाला होता, "परत फिरूया." बाकीच्यांनी त्याला गप्प केलं. "एवढ्यात फाटली व्हय रे?" हे ऐकून पैलवानाचा चेहरा उतरला. "तालमीत वस्ताद थांब म्हणाला की थांबायचं असतंय," तो म्हणाला, "तसा एकजण नेमायला पाहिजे होता."

"वस्ताद कशाला?" मास्तर म्हणाले. "चौघांतला कुणीही एक परत म्हणाला की सगळ्यांनी फिरायचं."

"मग मास्तर, कुठलाच ट्रेक पुरा व्हायचा नाही!"

डोंगरात पैलवानाचं खरं असेल. पण भरतीच्या वेळी खडकात उभं राहून मतं मोजण्याइतका वेळच नसतो, म्हणून मी मास्तरांच्या बाजूनं आहे. ज्या पोरानं तोंड उघडलं त्याला आज गल्लीत कुणी शाबास म्हणत नाही, याचं वाईट वाटतं. भाऊजींनी मात्र त्याला मुद्दाम बोलावून घेतलं, चौघांच्या फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे नंबर घालायला लावले.

आबा अजून बंदीवरच अडून आहेत. पैलवान म्हणतोय, दिवाळीनंतर याच पोरांना घेऊन निवतीला जायचं, वरच्या सड्यावरनं. मास्तरांना अष्टमी पाहिजे, भांगाची म्हणजे कमी चढणारी भरती, भर दुपारी ओहोटी. पैलवानाला रविवार पाहिजे. दोन्ही एका दिवशी येतंय का ते बघायला कालनिर्णय मागवलंय.